वहिनीचं कपाट तापेना

माझा भाऊ वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याच्याबद्दल माझ्या तोंडून चांगला शब्द निघेल याची मला खात्री नाही. मी त्याची सख्खी धाकटी बहीण. त्याच्याच घरात राहते, त्याच्या बायकोच्या दुकानात गल्ल्यावर बसते. तरीही त्याने वहिनीशी जे केलं ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वहिनीबद्दल सांगायचं तर तिच्या नाकावरच्या रागापासूनच सुरुवात करावी लागेल. ती मासे साफ करत असताना तिच्याशी कोणी बोलायला जात नाही. हातात सुरी असते म्हणून नव्हे, तोंड रिकामं असतं म्हणून. गिऱ्हाइकाने मासा बोटाने दाबून दाबून बघितला की ती विचारते, घरी नेऊन खाणार आहात की याच्याशी सोयरीक जुळवणार आहात. गिऱ्हाईक हसतं आणि ठरवलं होतं त्यापेक्षा जास्तच घेऊन जातं. मला एरवी ती नुसतं 'बाई' म्हणते, पण काही बिनसलं की मी 'वन्सं' होते, आणि दिवसातला बराचसा वेळ मी वन्संच असते.

दुकान म्हणजे पुढे काचेचा काउंटर आणि मागे फरशी लावलेली एक खोली. खोलीत दगडी ओटा, मिठाच्या पाण्याची पिंपं आणि भिंतीला लागून ते कपाट. वहिनी धुरावलेले बांगडे विकते. लग्न होऊन आली तेव्हा तिने मागच्या अंगणात पत्र्याच्या ड्रममध्ये लाकडं धुमसवून हा धंदा सुरू केला होता. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या व्हायच्या आणि भांडणं व्हायची. भांडणात वहिनीला कोणी हरवू शकलं नाही, पण ड्रम शेवटी गेला आणि विजेवरचं हे स्टीलचं कपाट आलं. बाहेरून दिसायला लहान मुलांच्या कपड्यांचं असावं तसं. आत तळाशी कॉइल, कॉइलवर लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे आणि वर जाळ्यांवर मासे. कॉइल तापली की ढलप्या धुमसतात, धूर वर चढतो आणि मासा हळूहळू सोनेरी होतो. दारावर उष्णता कमीजास्त करायची चकती आणि एक लाल दिवा, बाकी काही नाही.

कपाट सोपं आहे, काम सोपं नाही. मीठ मुरलेला मासा आधी जाळीवर ठेवून त्याचं अंग कोरडं होऊ द्यावं लागतं. बोट लावलं की किंचित चिकटलं पाहिजे. ओलाच आत ढकलला तर धूर कडू बसतो. मिठाच्या पाण्याचं प्रमाण तर वहिनीने कधी कोणाला सांगितलं नाही. मी नुसती पिंपाजवळून गेले तरी विचारायची, वन्सं, गल्ला सोडून इकडे काय हरवलंय?

जाळ्या मधूनमधून वरखाली कराव्या लागतात. दार उघडलं की सगळा धूर तोंडावर येतो. तोंडाला फडकं बांध म्हटलं तर म्हणायची, मग मला वास कोण सांगणार, फडकं? तिचा खोकला तिथून सुरू झाला. आधी नुसता सकाळचा, मग जिना चढताना, मग कधीही आणि कितीही. दादा तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघून आडपडदा न ठेवता सांगितलं की धूर सोडा, नाहीतर फुप्फुसं हातची जातील. घरी येऊन वहिनी म्हणाली, त्या बाईंना माशांचा वास आवडत नसेल. दादाने समजावलं, भांडून बघितलं, एक दिवस जेवलाच नाही. तिने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तेच गरम करून पुढ्यात ठेवलं. मीही बोलले. मला म्हणाली, दुकान सोडून मी करू काय, तुमच्यासारखी भिंतीकडे बघत बसू? तेव्हा मला तिचा इतका राग आला होता की मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिला ते कळलंही नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कपाट तापेनासं झालं.

पहिल्यांदा झालं ते असं. वहिनीने मासे आत लावले, भिंतीवरचं बटण दाबलं, चकती फिरवली आणि पुढे दुकानात आली. जाळ्या बदलायला परत गेली तर आत सगळं थंडगार, ढलप्या जशाच्या तशा कोऱ्या, आणि भिंतीवरचं बटण बंद. ती त्या बटणाकडे बघत उभी राहिली. दादा तिथेच स्टुलावर चहा पीत बसला होता. आयुष्यभर कारखान्यात वायरमनचं काम करून तो आता घरी असतो आणि दिवसाचा अर्धा वेळ त्या स्टुलावरच काढतो. तो म्हणाला, "विसरली असशील."

वहिनी त्याच्यावर खेकसली. मी विसरेन? मासे लावून बटण दाबायला विसरेन? खेकसली खरी, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता, आणि तो का नव्हता हे मला आणि दादालाही कळलं.

वहिनीच्या आईचं शेवटी शेवटी डोकं गेलं होतं. रिकामं पातेलं गॅसवर ठेवून शेजारच्या घरी जाऊन बसायची. पुढे पुढे लेकीलाच विचारायला लागली, बाई, तुम्ही कोण, आणि माझी मुलगी अजून कशी आली नाही? वहिनीने तिचं सगळं केलं आणि एकदाही न चिडता केलं. न चिडलेली वहिनी मी आयुष्यात तेव्हाच पाहिली, आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. ही बाई साप, चोर, डॉक्टर, सरकारी माणूस, कशालाही भीत नाही. भीती तिला एकाच गोष्टीची, की आपलंही आईसारखं होईल. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दादाला सगळ्यांत जास्त, कारण रात्री ती दचकून उठली की तोच शेजारी असायचा.

मग हे वरचेवर व्हायला लागलं. कधी सगळं नीट, कधी बटण बंद. प्रत्येक वेळी दादाचं ठरलेलं, "विसरली असशील." शांतपणे, समजूतदारपणाचा आव आणून. वहिनी चिडेनाशी झाली. काउंटरवर एखादं गिऱ्हाईक दिसलं की ती मला हळूच विचारायची, यांना एक मुलगी आणि दोन मुलगे ना? म्हणजे स्वतःची परीक्षा घ्यायची. उत्तरं बरोबर यायची आणि तरी तिचं समाधान व्हायचं नाही.

शेवटी मीच म्हटलं, आजपासून बटण दाबताना मला हाक मार, मी साक्षीला उभी राहते. त्या दिवसापासून बटण बंद सापडायचं थांबलं. कपाट मात्र तरीही तापेना. लाल दिवा लागलेला, चकती बरोबर, आणि आत हात घातला तर बर्फ.

दादाने दुरुस्तीला हात घातला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. केवढा थाट केला होता त्याने. आधी त्याच सॉकेटला इस्त्री लावून बघितली. इस्त्री तापली, म्हणजे सॉकेट ठीक. प्लग बदलला, मग वायरच अख्खी नवीन घातली. उष्णता मोजणाऱ्या दांडीवर काजळी बसली असेल म्हणून ती घासून लख्ख केली. जास्त तापलं की कपाट आपोआप बंद पाडणारं एक छोटं बटण मागे असतं, तेही दाबून बघितलं. वहिनी त्याच्यामागे टॉर्च धरून उभी आणि हा नेहमीप्रमाणे, इकडे धर, तिकडे नको, हलवू नकोस. मग कपाळाचा घाम पुसून त्याने निकाल दिला की कॉइल जळली आहे आणि या कपाटाची कॉइल आता मिळत नाही. मी म्हटलं, बाहेरचा कोणी कारागीर बोलावू. तो म्हणाला, बाहेरच्याचा हात लागला की मशीन संपलंच म्हणून समज.

वहिनीने विचारलं, चांगली कॉइल जळते कशी?

"रिकामं चालू राहिलं असेल कधीतरी," दादा म्हणाला. कोणाकडून, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

त्या संध्याकाळी वहिनीने मला पिंपाजवळ बोलावलं. बाई, इकडे ये, म्हणाली. मिठाचं पाणी कसं करायचं, बटाटा त्यात टाकला की कितपत तरंगला पाहिजे, मासा लहान असला तर किती वेळ, मोठा असला तर किती, गरमीत किती, सगळं तिने मला सांगितलं आणि माझ्याकडून परत म्हणून घेतलं. मी चुकले तर रागावली नाही. मला आधी वाटलं, अखेर हिला माझी किंमत कळली. मग ती म्हणाली, माझ्या डोक्यात आहे तोवर तुझ्या डोक्यात जाऊ दे. दादा स्टुलावर होता. त्याने सगळं ऐकलं आणि मूग गिळून बसला.

दुसऱ्या दिवशी दादा बाजारात गेला, तशी वहिनी त्याची हत्यारांची पेटी घेऊन कपाटामागे बसली. मला म्हणाली, ती जळलेली कॉइल मला डोळ्यांनी बघायचीय. मी जाळली असेल तर मला दिसली पाहिजे.

आधी तिने प्लग काढला आणि मलाही ओढून बघायला लावला. मग मागच्या पत्र्याचे स्क्रू काढले. जन्मभर नवऱ्यासाठी टॉर्च धरलेल्या बाईला वायर तपासायचा मीटर कसा लावायचा हे शिकवावं लागत नाही. कॉइलची दोन्ही टोकं खाली बाहेर आलेली असतात. तिने मीटरची एक सुई एका टोकाला लावली आणि दुसरी दुसऱ्याला.

मीटर पीं करून ओरडला.

जळलेली कॉइल अशी ओरडत नाही, ती मुकी होते. वहिनीने सुया काढून परत लावल्या आणि मीटर परत ओरडला. कॉइल ठणठणीत होती. म्हणजे वीजच तिच्यापर्यंत पोचत नव्हती. मग आम्ही एकेक वायर बोटाने धरून वरून खाली आलो. एक वायर कॉइलपर्यंत आली आणि तिथे तिचं टोक कॉइलला लागलेलंच नव्हतं. ते मागच्या बाजूला, उष्णता अडवणाऱ्या काचलोकरीच्या थरामागे नीट खोचून ठेवलं होतं, आणि त्याला काळी टेप गुंडाळली होती.

टेपचं शेवटचं टोक दुमडून त्याची छोटी शेपटी केलेली होती. असं करणारा माणूस मला एकच माहीत आहे. दादा म्हणतो, पुढे कधी कोणी उघडलं तर त्याला नख लावायला जागा राहावी, बिचाऱ्याने टेप खरवडत बसू नये. घरातल्या प्रत्येक वायरवर ही शेपटी आहे. लबाडी करतानाही त्याने पुढच्या माणसाची सोय बघितली होती.

वहिनीने ती शेपटी नखाने उचलून बघितली. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. मला आधी वायर कळली, मग बटण कळलं, मग एकामागून एक सगळे 'विसरली असशील' कळले. इस्त्री लावून बघण्याचा तो थाट आठवला. बिघाड स्वतः करून स्वतःच शोधत बसलेला माणूस, आणि मागे त्याच्यासाठी टॉर्च धरून उभी असलेली ती.

दादा भाजीची पिशवी घेऊन आला तेव्हा पत्रा उघडाच होता आणि आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो. वहिनीने वायरकडे फक्त बोट केलं.

तो खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या पदरात टाकते. म्हणाला, "तुझा खोकला ऐकवत नव्हता मला. तू काही केल्या ऐकत नव्हतीस. म्हटलं, कपाट सारखं त्रास द्यायला लागलं की कंटाळून सोडशील."

"आणि बटण?"

"तेही मीच."

मी तोंडाचा पट्टा सुरू करणार होते, पण वहिनीने हाताने थांबवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नवऱ्याला कायम अहो-जाहो करणारी, त्या दिवशी पहिल्यांदा एकेरीवर आली.

"फुप्फुसं माझी. ती जातायत हे मला माहीत होतं आणि जाऊ द्यायची हे मी ठरवलं होतं. पण डोकं जातंय म्हणून मी काल हिला मिठाचं पाणी शिकवलं. तू तिथं बसून ऐकलंस."

"सांगणार होतो."

"कधी?"

पिशवी अजून हातातच होती.

वहिनीने पक्कड त्याच्यापुढे ठेवली. तो खाली बसला. टेप शेपटीला धरून सोडवली, वायरचं काळं पडलेलं टोक कापलं, सोलून त्यावर नवीन लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवला आणि कॉइलला घट्ट केला. आत अंधार होता. टॉर्च कोणी धरला नाही. त्याने तो दातात धरला. पत्रा बसवताना एक स्क्रू त्याच्या हातून सारखा निसटत होता आणि मी मुद्दाम उचलून दिला नाही. प्लग लावला, बटण दाबलं. थोड्या वेळाने ढलप्यांनी धूर धरला. वहिनीला खोकल्याची उबळ आली. तो पाणी आणायला उठला, तिने मान हलवली, मग मी आणलं.

पुढच्या आठवड्यात तिने जाळ्यांचं काम माझ्यावर सोपवलं, तोंडाला फडकं बांधायच्या अटीवर. स्वतः मागच्या दाराबाहेर खुर्ची टाकून मासे साफ करते आणि तिथून हुकूम सोडते. म्हणजे डॉक्टरीणबाईंचं ऐकलंस तर, मी म्हटलं. म्हणाली, कोणाचंही ऐकलं नाही, माझं मी ठरवलं. शेजारीण मला सांगायला आली की शेवटी भावाच्या मनासारखंच झालं की नाही, त्याचा हेतू वाईट नव्हता. मी तिला दारातूनच वाटेला लावलं. हेतूचं काय करायचं आम्ही, लोणचं घालायचं?

कारण घरात जे होऊन बसलं ते शेजारणीला दिसत नव्हतं. दादा म्हणाला गॅस बंद केलाय, की वहिनी उठून बघून येते. तो म्हणाला दाराला कडी लावली, की ती कडीला हात लावून बघते. भांडत नाही, टोमणा मारत नाही. नुसती उठते. दादाने स्टूल सोडलं. हल्ली तो मागच्या अंगणात नळापाशी असतो.

परवा दुपारी काउंटरवर गर्दी होती. दादा पुढे आला. हल्ली तो दुकानात फिरकत नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, कपाट बंद आहे. तू इथे गर्दीत होतीस तेव्हा तिने स्वतःच मासे लावले, चकती फिरवली आणि बटण दाबायचंच राहिलं. मी नळापासून पाहिलं.

"तू बंद केलंस?" मी विचारलं.

"बघ," तो म्हणाला. "तूसुद्धा तेच विचारलंस. म्हणून मी हात नाही लावला. तू सांग तिला."

मी चिडले. स्वतःच्या बायकोला एवढं सांगायला मध्ये मी कशाला? तो म्हणाला, मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि तो नुसता उभा राहिला. माझा सख्खा भाऊ मला इतका म्हातारा कधी दिसला नव्हता. तरी राग गेला नाही.

मी गिऱ्हाइकांना थांबवून मागे गेले आणि वहिनीला सांगितलं. तिने हातातला मासा पुढ्यातल्या परातीत ठेवला.

"कोणी बघितलं?"

"दादाने."

"मग तो का बोलला नाही?"

मी दाराकडे बघितलं. ती म्हणाली, बोलाव त्याला.

तो दारात येऊन उभा राहिला. वहिनी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "काय झालं ते तुम्ही सांगा."

"अगं, ते बटण जरा…"

"नीट सांगा."

"तू विसरलीस," दादा म्हणाला.

वहिनीने आता मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "माझा विश्वास बसत नाही," ती म्हणाली. "यापुढेही बसणार नाही. पण मी विसरले की तुम्हीच सांगायचं. हिने नाही. रोज विसरायला लागले तर रोज सांगायचं. मी तुम्हाला खोटं पाडेन, तरी दुसऱ्या दिवशी यायचं आणि परत सांगायचं. तुमच्या वाट्याचं तेवढं तुम्ही भोगा."

दादाने मान डोलावली. वहिनीने फडक्याला हात पुसले, खुर्चीला धरून उठली आणि बटण खरंच बंद आहे का ते बघायला आत गेली.